फाटकापर्यंतची चौकशी

आमचे चिरंजीव आमदार झाले, तेव्हापासून भाजी विकणाऱ्या आईला काही विचारायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. परवा विधिमंडळाच्या समितीबरोबर एका खासगी कॉलेजची प्रयोगशाळा तपासायला गेले आणि फाटकावरूनच परतले. खासगी संस्थेत शिरायचा समितीला अधिकार नाही, असं प्राचार्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं म्हणे. वर मलाच ऐकवतात, "कागदावर प्रयोगशाळा झकास आहे. आपल्या पोरीचा प्रवेश तिथेच घेऊ. तुला नाही कळायचं त्यातलं."

 

मी म्हटलं, "अरे शहाण्या, त्यांच्या मेसला कांदे मीच घालते आणि तीन वर्षं पोती त्याच प्रयोगशाळेत उतरवते. माझ्या नातीला तिथे काय कांदे निवडायला पाठवतोस?"