अण्णांची चाल

वेल्हे फाट्यावरच्या एसटी थांब्यात रोज चिंचोके लावून तीन पत्ती चालायची. हातात दुर्री-तिर्री असली तरी सिद्धनाथअण्णा ओंजळभर चिंचोके पुढं ढकलायचे, मिशीवर बोट फिरवायचे, आणि समोरचे गडी मुकाट्यानं पानं टाकून द्यायचे. पाच वर्षं हेच चाललेलं. "शेळ्या आहेत शेळ्या," अण्णा मनाशी म्हणायचे, "थाप मारायलासुद्धा छाती लागते."

गेल्या महिन्यापासून मात्र याच शेळ्या शिंगं उगारू लागल्या. अण्णांनी मोबाईलवर पोकरचे व्हिडिओ पाहिले. समोरचा उलटायला लागला तर थापा कमी करा, असं त्यात कळल्यावर ते भारी पानांची वाट बघत बसले. ती काही येईनात. शेवटी आज वैतागून त्यांनी होते नव्हते ते चिंचोके पुढं लोटले, तर पूर्वी सगळ्यांत आधी पानं टाकणाऱ्या नूरुद्दीननंच शो मागून डाव मारला.

"माझं चुकतंय तरी कुठं रं?" अण्णांनी विचारलं.



चिंचोके गोळा करता करता नूरुद्दीन म्हणाला, "तुमचं काय बी चुकत न्हाई, अण्णा. पाण्याचा टँकर आता तुमी न्हाई, नव्या सरपंचबाई धाडत्यात."