डोलकाठीवरचा नारळ

गुडघ्यांनी दगा दिल्यावर ह्यांनी आमच्या छोट्या होडीचं जुनं शीड काढलं आणि बोरिवलीत सोसायटीच्या गच्चीवर चिनी पद्धतीचं शीड शिवलं. आडव्या बांबूंचं, हातपंख्यासारखं मिटणारं. "वारा वाढला की बसल्या जागी दोरी सोडायची, अख्खं शीड सरसर खाली. पुढे धावायला नको," हे सांगायचे. पण ह्या शिडासाठी बसवलेल्या नव्या डोलकाठीला आधाराची एकही तार नव्हती. ती वाऱ्यात वाकायची आणि मी देवाचं नाव घेत बसायचे. म्हणून आज मनोरीच्या खाडीतून निघताना, शीड चढल्यावर, मी हात पोचेल तितक्या उंचावर डोलकाठीला लाल फडक्यातला नारळ बांधला. हे हसले. "बांध बाई. देव काय तार बनून उभा राहणार आहे?" मढच्या खडकांजवळ वारा एकदम फिरला. होडी कलली, पाणी आत आलं. ह्यांनी दोरी सोडली. शीड अर्ध्यावर आलं आणि थांबलं. बांबूंना डोलकाठीशी धरणारे दोरीचे फास माझ्या नारळावर अडकले होते. "काप तो! खडक आले!" मी सुरी चालवत होते, पण गाठ मीच जीव खाऊन आवळली होती. शेवटी फडकं फाटलं, शीड कोसळलं, होडी सरळ झाली. नारळ पाण्यात पडून लाटांवर लांब जाऊ लागला. कधी देवळाची पायरी न चढलेले हे त्याच्याकडे बघत राहिले. ओठ पांढरे पडले होते. "अगं," हे हळूच म्हणाले, "हात लांब कर ना. परत घे तो."