तिकडचा हिवाळा

फोटो काढण्याआधी त्याने अंगात स्वेटर चढवला. ताटाशेजारी ठेवलेल्या हाताची बाही फोटोत यायला हवी होती. बाहेर उन्हाने अंगाची लाही होत होती, आणि हा गडी लोकरीत शिरून फ्लॉवरच्या रश्श्यावर बशी झाकून वाफ धरत बसला होता. वेडेपणाच सगळा! पण फोटो झकास आला. तो पाठवून त्याने स्वेटर कोपऱ्यात फेकला आणि घाम पुसत फोनची वाट बघत बसला. पंखा बंदच ठेवला. त्याची घरघर फोनमध्ये ऐकू जाते.

“काय साहेब, आज फ्लॉवर का?” बाबांचा आवाज आला.

“हो ना. थंडीत इकडे दुसरं मिळतंय काय! तुमचा काय बेत?”

“काकडी, टोमॅटो आणि कणसं. तिघांनी मिळून माझं पोट बिघडवलं नाही म्हणजे मिळवली!”

आई गेल्यापासून बापलेकांचा हा रोजचा खेळ होता. आपापल्या घरी रांधायचं, ताटाचा फोटो पाठवायचा आणि मग एकमेकांची यथेच्छ टर उडवायची. नियम एकच, तोही आईचा. ज्या दिवसांत जे पिकतं तेच पानात. शीतगृहातल्या भाजीला ती सरळ ‘मढं’ म्हणायची. बाबा तर तिच्याहून कडक. तसली भाजी त्यांनी कधी घरात येऊ दिली नव्हती.

मुलगा समुद्रापलीकडे नोकरीला होता. घड्याळ जवळपास इथलंच, ऋतू मात्र उलटे. इथे घाम, तर तिथे बर्फ. होता, असं आपलं म्हणायचं. इमारतींचे नकाशे काढायची त्याची कंपनी बुडाली आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तो गुपचूप परत आला. शहर बाबांचंच, फक्त त्याने खोली घेतली नदीच्या अलीकडे. पलीकडे बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तिथे पंक्चर काढायला आलेल्याला पोराचं कौतुक ऐकल्याशिवाय सुटका नसायची. त्या माणसासमोर हात हलवत कसं उभं राहायचं? एकदा नोकरी मिळू दे, मग ताठ मानेने जाऊ, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

सुरुवातीलाच तो तोंडघशी पडता पडता वाचला होता. सवयीने त्याने लालभडक टोमॅटोंचा फोटो पाठवला होता.

“तिकडे बर्फ पडतोय ना रे? टोमॅटो कुठले?”

“काचघरातले, बाबा.”

त्या दिवशी बाबांनी टर उडवली नाही. नुसतं म्हणाले, “बरं. पोटभर जेव.”

दुसऱ्या दिवशी त्याला राहवेना. टोपी डोळ्यांवर ओढून तो नदीपलीकडे गेला आणि दुकानासमोरच्या झाडाआडून बघत राहिला. बाबा मान खाली घालून चाकाचे आरे सरळ करत होते. केस आणखी पिकले होते. एक हाक मारली असती तर? पण त्याने टोपी आणखी खाली ओढली. तसाच मागे फिरला आणि चालत चालत आपल्या वस्तीतल्या बाजारात येऊन फ्लॉवर शोधू लागला. रडू आवरायला काहीतरी उद्योग हवा ना!

भाजीवाले हसले. “ऐन उन्हाळ्यात फ्लॉवर? डोकं ठिकाणावर आहे का, भाऊ?” टोकाला बसणाऱ्या मावशींनीही हात झाडले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याच मावशींनी लांबूनच आवाज दिला. “अरे ए फ्लॉवरवाल्या! इकडे ये.” गोणपाटाखालून त्यांनी एक पांढराशुभ्र गड्डा काढला. शीतगृहातून येतो म्हणाल्या, दुसरं कुणी विचारत नाही म्हणाल्या. तेव्हापासून त्या गोणपाटाखालून रोज काही ना काही निघू लागलं. कधी मुळा, कधी पालक, कधी मटार. त्याच्या जिवात जीव आला. एवढं नशीब नोकरीच्या बाबतीत कुठे पेंड खातं, असं त्याला वाटायचं.

फोनवर बाबाही रंगात यायचे. “सोलता सोलता अर्धे मटार कच्चेच खाल्लेस ना? खरं सांग!” तो खळखळून हसायचा. फोन ठेवला की मात्र त्याला स्वतःची लाज वाटायची. इतक्या भोळ्या माणसाला रोज थापा मारायच्या म्हणजे काय!

आणि एका दुपारी त्याला काम मिळालं. फर्निचरच्या कारखान्यात, टेबलखुर्च्यांचे नकाशे काढायचं. पगार बेताचाच, पण काम आवडीचं. तो तडक बाजारात आला. आता आजच बाबांसमोर उभं राहायचं आणि सगळं सांगून टाकायचं. रागावले तर रागावू देत. बोलणं टाकलं तर? नाही, त्याचा विचार नंतर. त्याने भराभर टोमॅटो, काकड्या आणि कणसं पिशवीत भरली. आज बाबांच्याच स्वयंपाकघरात रांधायचं होतं.

मावशींचा हात सवयीने गोणपाटाखाली गेला. “आज मटार आहेत बघ, अगदी कोवळे.”

“आज नकोत, मावशी. उद्यापासूनही ठेवू नका. मी वडिलांकडे जेवायला चाललोय.”

मावशींनी मटार खाली ठेवले. त्याच्याकडे बघता बघता त्यांचे डोळेच भरून आले.

“जा रे बाळा, लवकर जा,” त्या म्हणाल्या. “तू फ्लॉवर शोधत आलास, त्या दिवशी तुझ्या मागोमाग आले होते तुझे वडील. तेव्हापासून रोज सकाळी सायकलला पिशवी अडकवून शीतगृहातून हे सगळं तेच आणून देतात बिचारे. आणि रोज एकच विचारतात, ‘फोटोत नुसतं ताट दिसतं हो, पोरगं बारीक तर नाही ना झालं?’”