स्टुलाखालची फटाकडी

"काका, अजिबात हलू नका. ती तुमच्या स्टुलाखाली बसलीय," समोरून आमच्या पक्षीनिरीक्षक गटातला मोडक कुजबुजला.

रानफटाकडी हा लाजाळू पक्षी जगात फक्त याच बेटाच्या जंगलात सापडतो. तिला बघायला मी तिसऱ्यांदा बोटीत ओकत आलो होतो. पण वाकून पाहिलं असतं तर ती पळाली असती, आणि समोरच्या मंडळींनी मला परतीच्या बोटीत घेतलं नसतं.

मी श्वास रोखून बसलो. समोर कॅमेरे चालले होते. तिने माझ्या बुटावरची जळू खाल्ल्याचं मला मोडककडून कळलं. मग "गेली झुडपात," हेही त्यानेच सांगितलं. मी गर्रकन वळलो. झुडूप छान होतं.

समोरच्या मंडळींतून बायको डोळे पुसत आली. "अहो, काय गोड होती! तुम्हाला फार आवडली असती."