एकसष्ट नंबरची पट्टी

पट्टी फळ्यावरून निघाली तेव्हा लोहचुंबकाचा बारीकसा आवाज झाला.

गस पावलकने ती मुठीत धरली होती. पांढरी, बोटभर लांबीची. तिच्यावर एकसष्ट हा आकडा आणि टॅलमेज हे नाव. फळ्यावर आता त्रेपन्न पट्ट्या उरल्या होत्या. मोसमासाठी संघात तेवढेच खेळाडू ठेवता येतात. ऑगस्ट संपत आला होता, यादी चारच्या आत कळवायची होती, आणि शेवटच्या जागेसाठी दोनच नावे होती: नऊ वर्षे खेळलेला ऑरिन टॅलमेज आणि बावीस वर्षांचा एक नवखा.

टोलेडो स्टोकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ गेल्या मोसमात सतरापैकी पंधरा सामने हरला होता. दर सोमवारी सारे शहर रेडिओवर फोन करून हा संघ पाडत असे आणि पुन्हा उभारत असे. त्या फोन करणाऱ्यांतल्या दोघांना व्यवस्थापक मॅडिगनबाईंनी आज कचेरीत बोलावून घेतले होते. "वर्षभर हवेत बांधता," त्या म्हणाल्या होत्या, "आज फळ्यावर बांधा. शेवटची जागा तुमची."

पहिली बोलली ती दुसरी पाहुणी, डॉट रीगन. ती शाळेची बस चालवत असे आणि स्टेडियममध्ये गसच्या शेजारच्या खुर्चीवरून वीस वर्षे ओरडत आली होती.

"अरे गस, स्वतःच्याच पाठीवरचा आकडा खाली काढलास की रे!"

गसच्या अंगावर एकसष्ट नंबरची जर्सी होती. नऊ शरद ऋतूंनी विटलेली, छातीवर मोहरीच्या सॉसचा न निघालेला डाग असलेली.

"जर्सी अंगावर आहे, डोक्यात नाही," गस म्हणाला. "सहा वर्षं रेडिओवर हेच सांगतोय. प्रेमानं सामने जिंकत नाहीत. त्याचा डावा गुडघा गेलाय. म्हातारी हाडं आधी बाहेर काढा, मग भिंत बांधा. सख्खा भाऊ असता तरी काढला असता."

मॅडिगनबाईंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. गसने ते पाहिले. आयुष्यभर स्टेडियमच्या सर्वांत वरच्या रांगेतून, सरोवरावरच्या वाऱ्यात विरून जाणारे त्याचे शब्द आज पहिल्यांदा कागदावर उतरत होते.

"छान," बाई म्हणाल्या. "आता या इमारतीतला नियम. जो पट्टी काढतो, तोच खेळाडूला सांगतो. टॅलमेज बाहेर बाकावर बसलाय. जायचं आणि म्हणायचं, 'कोच बोलावतायत, डावांची वही घेऊन ये.' एवढंच. वही परत मागितली की आपल्याला काढलंय हे त्यांना कळतं."

"मी सांगू?"

"मग काय डॉट सांगेल?"

डॉट एकाएकी खिडकीबाहेर पाहू लागली.

व्हरांडा लांबलचक होता. टॅलमेजने अख्खा बाक व्यापला होता. जाडजूड वही मांडीवर, तिच्यावर दोन्ही तळवे पालथे. डावा पाय सरळ पसरलेला. तो आता पुरता दुमडत नसे. पावले ऐकून त्याचे खांदे ताठ झाले. मग त्याला जर्सी दिसली आणि तो प्रचंड देह सैल पडला.

"बाप रे, जीव घाबरवलात की, सर! मला वाटलं, वही न्यायलाच आलं कुणीतरी." तो हसला. "आणि हा तर माझाच आकडा! सही हवी ना? फिरा, फिरा. पेन आहे माझ्याकडे."

गसने तोंड उघडले. मग तो फिरला.

टॅलमेज भिंतीला धरून, दुखरा पाय ओढत उठला. विरलेल्या कापडातून पेनाचे टोक गसच्या खांद्याच्या हाडावर टेकले.

"नाव काय लिहू?"

"गस. गस पावलक."

पेन थांबले.

"हा आवाज! सोमवारवाले गस? तुम्हीच?" टॅलमेजचा स्वर खाली आला. "माझं पहिलं वर्ष. सगळं गाव ओरडत होतं, याला हाकला म्हणून. मी गाडीत एकटा ऐकत बसायचो, इंजिन बंद करून. एका सोमवारी तुम्ही फोन केलात. म्हणालात, 'थांबा जरा. हा पोरगा टिकेल.' मी लगेच अलाबामाला आईला फोन लावला. म्हटलं, इथं एक माणूस आहे आपला."

गसला तो फोन आठवत नव्हता.

"त्यानंतर मी रेडिओ लावलाच नाही, सर. आजपर्यंत नाही. म्हटलं, एवढं ऐकलं, पुरे."

पेन पुन्हा चालू लागले. सावकाश, पोराने पाटीवर काढावीत तशी अक्षरे. काचेच्या दारापलीकडे मॅडिगनबाई उभ्या होत्या. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटले.

"तुम्ही आतूनच आलात ना?" टॅलमेजने पेनाला टोपण लावले. "मग तेवढं सांगा ना, सर. माझी पट्टी आहे ना अजून फळ्यावर?"

गसच्या मुठीत पट्टी गरम झाली होती. त्याने मूठ खिशात घातली आणि मागे न पाहता तो जिन्याकडे चालू लागला. त्याच्या पाठीवर, एकसष्टच्या जरा वर, शाई अजून ओली होती: 'गससाठी. टिकलो बघा.'