बांधावरचं गाजरगवत

माझ्या थोरल्या लेकीचं, दैवशालाचं बारसं झालं, त्या साली झरीच्या शिवारात सुग्रीव आणि राधाकिशन या सख्ख्या भावांच्या बांधावर गाजरगवत कमरेइतकं वाढलं होतं. हराळी, कुंदा ही जुनी गवतं. त्यांना बैल तरी तोंड लावायचे. या नव्या गवताला जनावर शिवत नव्हतं. त्याचं बी दोघांच्याही ज्वारीत पडायचं, आणि ते फुलोऱ्यात आलं की भावांच्या म्हाताऱ्या आईला, नर्मदाबाईला, दम लागायचा.

सुग्रीवनं खुरपं घेतलं, तसा धाकटा राधाकिशन आडवा आला.

"दादा, बांधाला हात लावू नको. मागं हराळी खोदायलोय म्हणत हातभर आत आलास."

"मग तू उपट."

"म्हंजी तू गावभर सांगायला मोकळा, धाकट्यानं बांध कोरला म्हणून."

"मग ऱ्हाऊ दे. हळदीकुंकू वाहू त्याला."

नर्मदाबाईनं नाकाला पदर बांधला. "द्या हिकडं ते खुरपं. मी तर दोघांचीबी हाय का न्हाई?"

यावर दोघांचीही हरकत नव्हती. म्हातारी खोकत खोकत बांधावरून पुढं सरकत राहिली. दोन्ही लेक आपापल्या रानातून तिच्यासोबत चालत होते, खुरपं कुणाच्या बाजूला किती आत जातंय ते बघत.

नर्मदाबाई त्याच साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारली.