कुरुळीची पाहणी

दिपालीने बुटाच्या टोकाने बाटली उलटी केली आणि ओढणी नाकाशी धरली. विहिरीच्या कडेला अशा अकरा बाटल्या पडल्या होत्या. काहींची बुचं उघडीच होती. आतलं फवारणीचं पिवळं औषध मातीत झिरपलं होतं आणि तेवढ्या जागेत गवताचं पातंही उरलं नव्हतं. वास असा, की घशात कडवट थर बसावा.

"शी! मालोजीकाका, हे बघा. सगळ्यांवर एकाच दुकानाचा शिक्का."

मालोजीकाकांनी वाकून पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. शेती खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. लगेच बोलायची त्यांना सवय नव्हती.

अर्ध्या एकराचं टोमॅटोचं रान. तिन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती. शेत शालनबाईंचं. त्यांचे यजमान कंपनीत शिफ्टला जायचे, रान त्या एकट्या सांभाळायच्या. आता सांभाळण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पानं कडेने जळून काळी पडली होती. गळालेल्या फळांवर माशा घोंगावत होत्या. दिपालीचा पाय एका फळावर पडला, ते पचकन फुटलं, आणि तिने बूट मातीत घासला.

दोघं ज्या गटातून आले होते, तो पंचवीस स्वतंत्र शेती सल्लागारांचा गट तिनेच जमवला होता. औषध विकायचं नाही, दुकानाकडून कमिशन घ्यायचं नाही, फक्त सल्ला द्यायचा. गेल्या महिन्यात युरोपातल्या अशाच सल्लागारांच्या मेळाव्याला ती बारा दिवस जाऊन आली. तिथले लोक एकमेकांचं काम रानात जाऊन तपासत. ती रीत तिने आल्या आल्या इथे लावली. गावोगाव विचारून, ज्यांनी गटातल्या कोणाचाही सल्ला घेतला त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, दोघांनी जाऊन रान बघायचं. सल्ला कोणी दिला ते विचारायचं नाही. आधी अहवाल, मग नाव. पहिलीच चिठ्ठी कुरुळी गावच्या शालनबाईंची निघाली होती.

शालनबाई तांब्या-भांडं घेऊन आल्या. "ताई, पाणी घ्या. उन्हातनं आलाय."

दिपालीने भांड्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे. "नको," ती म्हणाली. शालनबाईंनी भांडं तसंच हातात धरून ठेवलं.

"पाच-पाच औषधं एका टाकीत कालवलीत ना?" दिपालीने विचारलं.

"व्हय. चुकलं आमचं."

"तुमचं नाही हो. ज्याच्या भरवशावर तुम्ही बसलात, त्याचं चुकलं. कोण आहे तो?"

"दिपाली," मालोजीकाका हळूच म्हणाले. "नाव विचारायचं न्हाई. नियम तुझाच हाय."

"नाव हवंय कुणाला, काका! गटात बसून शपथा घ्यायच्या आणि इकडे दुकानाची दलाली करायची. किळस येते मला अशा माणसाची. याच्यापेक्षा दुकानदार बरा, तो निदान विकायला बसलाय हे उघड सांगतो. लिहा. 'शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलं. हा सल्लागार गटात ठेवायच्या लायकीचा नाही.' लिहिलंत?"

"लिहिलं."

शालनबाई इतका वेळ खाली बघत होत्या. आता त्या पुढे आल्या.

"त्यांना असं नका बोलू, ताई. त्यांनी वंगाळ काय बी सांगितलं न्हाई. दसऱ्याच्या आदल्या दिशी पानं वळाया लागली म्हणून मी फोटू धाडला. लगेच उलटा निरोप आला. जिवात जीव आला बघा. मग दुसऱ्या दिवसापासनं त्यांचा फोनच लागंना. सकाळ-संध्याकाळ लावायची मी. पानं आणखी वळली. शेजारचे म्हनले, रोग पसरंल, समदं जाईल. सहाव्या दिवशी धीर सुटला. दुकानात गेले. त्यो म्हनला, हे बी मार, ते बी मार. त्यात त्यांचा काय दोष? आडल्या असतील कुटंतरी."

त्यांनी तांब्या-भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसला आणि मोबाईलवर बोट ठेवलं. "ऐका की. मी निरोप पुसला न्हाई अजून."

आवाज मऊ होता. इतका मऊ, की क्षणभर दिपालीलाही तो ओळखू आला नाही.

"ताई, अजिबात घाबरू नका. हा रोग नाही, उन्हाने पानं वळलीत. काही फवारू नका, पाणी तेवढं वेळेवर द्या. दोन दिवसांत मी स्वतः येऊन बघते. मी आहे ना."

मागे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला आणि निरोप संपला.

गोदामाच्या फाटकात एक कंटेनर मागे वळत होता. दिपाली त्याच्याकडे बघत राहिली. युरोपचं विमान दसऱ्याच्या पहाटेचं होतं. आपले सत्तर शेतकरी तिने जाताना गटातल्या दुसऱ्यांना नेमून दिले होते. ही बाई त्या यादीत नव्हती, कारण फोटो आला तेव्हा यादी पाठवून झाली होती आणि तिने बाईंचं नावही विचारलं नव्हतं. परत आल्यावर फोनमध्ये चारशे निरोप साचले होते. ते तिने न उघडताच एका झटक्यात पुसून टाकले होते. मेळाव्यात तिचं भाषण झालं होतं, शेतकऱ्याचा विश्वास या विषयावर. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

घशातला कडवटपणा आता औषधाचा नव्हता.

शालनबाईंनी अजून काही ओळखलं नव्हतं. "किती मायेनं बोलल्यात, न्हाई?" त्या म्हणाल्या.

मालोजीकाकांनी ओळखलं होतं. त्यांनी पेन उघडलं, लिहिलेल्या ओळीवर आडवं धरलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "खोडू का, पोरी?"

"नको, काका. ओळ राहू द्या," दिपाली म्हणाली. "फक्त 'हा'चं 'ही' करा."